लिपिडांचा अभ्यास कुठून सुरू करावा: ट्रायग्लिसराइडपासून की फॉस्फोलिपिडापासून?

लिपिडांचा, म्हणजे मेद आणि पाण्यात सहसा न विरघळणाऱ्या मेदासारख्या पदार्थांचा, अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक साठवणीच्या मेदापासून, म्हणजे ट्रायग्लिसराइडपासून निघते, तर दुसरी पेशीपटल घडवणाऱ्या फॉस्फोलिपिडापासून. मला दुसरी वाट अधिक फलदायी वाटते, आणि त्याचे कारण दोन्ही रेणू कागदावर शेजारी शेजारी काढले की ध्यानात येते.

दोन्हींचा कणा तीन कार्बनांच्या ग्लिसरॉलचाच असतो (स्फिंगोलिपिड या पटलांतील दुसऱ्या गटाचा वेगळा कणा येथे बाजूला ठेवू). ट्रायग्लिसराइडमध्ये तिन्ही कार्बनांना एकेक मेदाम्ल (कार्बनांची लांब साखळी असलेले आम्ल) एस्टर बंधाने जोडलेले असते. फॉस्फोलिपिडात मेदाम्ले दोनच असतात आणि तिसरी जागा फॉस्फेट व बहुधा त्याला जोडलेला कोलिनसारखा गट घेतो. पहिला रेणू जवळजवळ पूर्णपणे जलविरोधी असल्यामुळे तो पाण्यापासून वेगळा होऊन पेशीत थेंबांच्या रूपात साठतो. १ ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, कर्बोदकांपासून सुमारे ४. शिवाय ग्लायकोजेनप्रमाणे (शरीरातील कर्बोदकांचा साठा) सोबत पाणी बाळगावे लागत नाही. साठवणीसाठी याहून सोयीचा रेणू सापडणे कठीण.

फॉस्फोलिपिडाचे डोके, म्हणजे फॉस्फेटचा भाग, मात्र पाण्याकडे ओढले जाते आणि मेदाम्लांच्या शेपट्या पाण्यापासून दूर राहतात, त्यामुळे हे रेणू आपोआप दुहेरी थरात मांडले जातात. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी लाल रक्तपेशींतील लिपिडे काढून पाण्यावर एकेरी थरात पसरली, तेव्हा त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरले. या पेशींत केंद्रक किंवा आतली पटले नसल्यामुळे सर्व लिपिड बाहेरच्या पटलाचेच होते, आणि म्हणूनच एवढ्या साध्या मोजणीतून पटल दुपदरी असल्याचा निष्कर्ष काढता आला. रचनेवरून कार्य उलगडण्याचे इतके स्वच्छ उदाहरण साठवणीच्या मेदात मिळत नाही.

मेदाम्लांचे गुणधर्म दोन्ही वाटांवर सारखेच उपयोगी पडतात. स्टिअरिक आणि ओलेइक या दोन्ही आम्लांत १८ कार्बन असतात. पण पहिले सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते, तर दुसरे सुमारे १३ अंशांना, कारण त्यातील एका सिस (साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला ठेवणाऱ्या) दुहेरी बंधामुळे साखळीला बाक येतो आणि रेणू एकमेकांना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत. साठ्यात या बाकामुळे मेद द्रवरूप राहतो. पटलात तो प्रवाहीपणा देतो, म्हणून थंड पाण्यातील माशांच्या पेशीपटलांत असंपृक्त (असे दुहेरी बंध असलेल्या) मेदाम्लांचे प्रमाण वाढलेले आढळते.

कोलेस्टेरॉल यांपैकी कोणत्याच साच्यात बसत नाही. त्याची चार जोडलेली वलये स्वतंत्रपणेच शिकावी लागतात, आणि स्टेरॉइड संप्रेरके व पित्ताम्ले त्यापासून तयार होत असल्याने ते टाळता येत नाही. मात्र पटलातील त्याचे स्थान फॉस्फोलिपिडांच्या शेपट्या माहीत असल्याशिवाय समजत नाही.

ज्यांचा मुख्य विषय पोषण किंवा ऊर्जा-चयापचय आहे, त्यांनी ट्रायग्लिसराइडपासून आरंभ करणे रास्त आहे, कारण मेद तोडणारी लायपेज विकरे आणि मेदाम्लांचे बीटा-ऑक्सिडीकरण, म्हणजे ऊर्जेसाठी त्यांचे टप्प्याटप्प्याने होणारे विघटन, लगेच हाती येते. पेशीविज्ञान, औषधनिर्माण किंवा मज्जासंस्था शिकणाऱ्यांनी फॉस्फोलिपिडच आधी घ्यावे.