डाव्या टॅकलवर नजर ठेवायची असेल तर : ‘एनएफएल गेम पास’

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात कुस्ती आणि कबड्डी बारकाईने पाहणारा प्रेक्षक मोठा आहे. त्याच प्रेक्षकासाठी ‘डाझोन’ या इंटरनेटवरील क्रीडा-प्रक्षेपण मंचावर मिळणाऱ्या, अमेरिकन फुटबॉलच्या ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगचे सामने दाखवणाऱ्या ‘एनएफएल गेम पास’ या सेवेविषयी लिहीत आहे. मी ही वर्गणी भरली ती फिलाडेल्फिया ईगल्स या संघाच्या जॉर्डन मायलाटा या एकाच खेळाडूसाठी, आणि ती सार्थकी लागली असे माझे स्पष्ट मत आहे.

मायलाटा मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि रग्बी लीग खेळणारा. 2018 साली ईगल्सने त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या (ड्राफ्ट) सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत 233व्या क्रमांकावर घेतले, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पहिले दोन हंगाम तो एकाही अधिकृत सामन्यात उतरला नाही. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूपुढे (क्वार्टरबॅक) ढाल बनून उभ्या राहणाऱ्या फळीचे तेव्हाचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांच्या हाताखाली शिकत राहिला आणि 2020 मध्ये संधी मिळताच डाव्या टॅकलची, म्हणजे फळीच्या डाव्या टोकाची जागा त्याने आपली करून घेतली. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर चेंडू फेकताना त्याची पाठ ज्या बाजूला येते, ती बाजू राखणे हे या जागेचे काम.

थेट प्रक्षेपणात हे काम जवळजवळ दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. म्हणूनच झालेला सामना पुन्हा पूर्ण पाहण्याची सोय मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एकच चाल थांबवून, मागे नेऊन पाहावी: चेंडू सुटताच, म्हणजे चाल सुरू होताच, मायलाटाचा डावा पाय मागे सरकतो, उजवा त्यामागे ओढला जातो, कंबर खाली राहते आणि दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर बसतात. आपल्या तालमीत वस्ताद ज्या पवित्र्यासाठी पोरांना घाम गाळायला लावतात, तोच हा पवित्रा. हात छातीवरून निसटून समोरच्याला बाहेरून धरले, तर संघाला 10 यार्ड मागे जाण्याचा दंड. चेंडू सुटण्याआधी नुसता हलला, तरी 5 यार्ड. सुमारे 165 किलोंचा माणूस इतक्या शिस्तीत पावले टाकतो, हे पाहून मी थक्क होतो.

वेळेचा विचार मात्र आधी करावा. रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतील घड्याळे बदलल्यावर साडेअकराला सुरू होतात. तिकडचा रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे येतो. सप्टेंबरात खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत पावसामुळे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात, त्यामुळे तेथील वाचकांनी थेट सामन्याच्या आशेवर वर्गणी भरू नये. समालोचन इंग्रजीत असते, आणि तेही चेंडूविषयीच अधिक बोलते. फळीचा खेळ पाहणाऱ्याने आवाज बंद ठेवला तरी काही बिघडत नाही.

नव्या प्रेक्षकाने 9 फेब्रुवारी 2025 चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, आधी पाहावा. ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला 40–22 असे हरवले, मध्यंतरालाच गुणफलक 24–0 होता. त्या सामन्यात चीफ्सची फळी इतकी मोडली, की त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स 6 वेळा चेंडूसह पाडला गेला. एकदा त्या फळीकडे आणि एकदा मायलाटाकडे पाहत हा सामना दोनदा पाहिला, की पुढची वर्गणी भरायची की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.