कॉलनीतल्या वाचनालयाचा रिव्ह्यू, म्हणजे खरं तर त्याच्या भिंतींचा

नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मला रोज पेपर वाचायला तिथेच जायचंय. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आहे एवढं पुरे. पुस्तकं बरी आहेत, दिवाळी अंक वेळेवर येतात, पंखे चालतात, मॅडम पुस्तक शोधून हातात देतात. ५ पैकी ४ देणार होतो, पण भिंतींपायी एक कापला, म्हणजे ३.

आपल्याकडे वाचनालयाला भेटवस्तू द्यायची फार हौस. इथे बघा ना, सरस्वतीच्या ३ मूर्ती, प्लास्टिकच्या फुलांच्या कुंड्या, कसल्याकसल्या ट्रॉफ्या, आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेलं मोठ्ठं घड्याळ जे मी बघतोय तेव्हापासून सव्वासातच वाजवतंय. घड्याळ द्यायला लोक मिळतात हो, सेल कोण देणार.

पण या पसाऱ्यात एक खरी चीज आहे. संदर्भ विभागाच्या दाराशी जुनी फ्रेम आहे, वीणा घेऊन दगडावर बसलेली सरस्वती, बाजूला मोर. मी आधी कॅलेंडरचं चित्र समजून सोडून दिलं होतं, एकदा लाइट गेली म्हणून खिडकीशी उभा राहिलो तर खाली बारीक इंग्रजी अक्षरात रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा! म्हणजे चित्रकार राजा रविवर्म्याच्या छापखान्यात दगडावरून एकेक रंग चढवून छापलेलं ते जुनं ओलिओग्राफ. आणि आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी याच रविवर्मा प्रेससाठी काम केलेलं, मग नाशिकच्या वाचनालयात हे चित्र असणं केवढी मजेची गोष्ट आहे, पण तिथे चिठ्ठीसुद्धा नाही. पितळी पट्टी आहे, हातभर, त्यावर देणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कुणाच्या शुभहस्ते ते. शिपाईकाकांना विचारलं, काका हे चित्र कुणाचं? तर म्हणाले, "साहेबांचं ना, त्यांनीच दिलंय." वर दुपारी ३ नंतर पश्चिमेचं ऊन थेट त्यावर, मोराचा निळा आता राखाडी व्हायला आलाय. समोरची भिंत रिकामी आहे, खिळा पण आहे!

बाहेर कंपाउंडवर वारली काढलीय. छानच दिसते, पोरं सेल्फी काढतात, पण अ‍ॅक्रिलिकमध्ये निळी-पिवळी माणसं आणि मध्ये तारपा वाजवणारा उलटा धरून फुंकतोय असं वाटतं. पेठ-सुरगाण्याकडे वारली वस्ती आहे, गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा एवढाच रंग, २ त्रिकोणांचं माणूस, लग्नाच्या चौकात, म्हणजे भिंतीवरच्या चौकोनी चित्रात, पालघाट देवी, आणि तो चौक काढायचा मान सवाशिणींचा, यातलं काही त्या भिंतीशेजारी ४ ओळीत लिहिता आलं असतं. लिहिलंय काय तर सौजन्य, आणि खाली क्लासची जाहिरात.

येवल्याच्या पैठणीचा फ्रेम केलेला पदर पण आहे, कपाटामागे. त्याच्यावर काय बोलायचं.

मला सगळ्यात आवडतं ते दारातलं तांब्याचं घंगाळ. कुणीतरी घर मोडताना आणून दिलेलं, त्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलंय, मामांकडून सप्रेम भेट आणि १९६२ साल. अख्ख्या इमारतीत ही एकच वस्तू आहे जी स्वतःची हकिकत स्वतः सांगते. त्यात लोक छत्र्या ठेवतात आणि मला ते मुळीच खटकत नाही.

कमिटीतल्या एकांशी बोललो, म्हणाले मीटिंगमध्ये घेऊ. या गावात १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तेव्हा घाई कशाला असं त्यांना वाटत असावं.

जायचं असेल तर सकाळी जा, डाव्या खिडकीशेजारची खुर्ची धरा, तिथून सरस्वती नीट दिसते. पावसाळ्यात छत्री घंगाळात ठेवा पण निघताना आपलीच उचला, माझी काळी लाकडी मुठीची तिथूनच गेलीय.