गोचीड गोळा करायचे: कापडावर की गुरांच्या अंगावरून?

माकडताप (गोचिडांमुळे माणसाला होणारा विषाणूजन्य ताप) पसरवणारी गोचिडांची पिल्लं पावसाळा सरल्यावर सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडच्या काजूबागांत पाल्यावर दबा धरून असतात. म्हणून मोजणीला कापडच घ्या. १ मीटर चौरस पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून पाल्यावरून सावकाश ओढा, दर १० मीटरला उलटून पाहा. खसखशीएवढा ठिपका चालू लागला, की चिमट्याने कुपीत. पँट मोज्यात खोचलेली हवीच! दव सुकल्याशिवाय निघू नका. ओल्या कापडाला गोचीड धरत नाहीत, आकडा खोटाच कमी येतो.

गुरांच्या कानांतून, शेपटीखालून पटकन भरपूर मिळतात. पण रक्त प्यालेल्या गोचिडात विषाणू सापडला, तर तो नुकत्याच प्यालेल्या रक्तातलाही असू शकतो. ७०% अल्कोहोलमध्ये गोचीड ठेवणं जात ओळखण्यापुरतं. जिवंत विषाणू हवा असेल तर गोचीड जिवंत किंवा गोठवून न्या.