दोन राखाडी रंग आणि ४१ हजार रुपये

गेल्या वर्षी मी लेगोचं एक जुनं अंतराळयान विकत घेतलं आणि त्यात ४१ हजार रुपये घालवले. ते परत मिळणार नाहीत, हे आता मी धरून चाललेय. पण लहानपणची खेळणी मोठेपणी शोधणारे, जमवणारे आपल्याकडे वाढतायत. त्यांच्यापैकी कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

हा संच १९७९चा. अमेरिकेत त्याचा क्रमांक ४९७ आणि नाव गॅलेक्सी एक्सप्लोरर. इंग्लंड-युरोपात क्रमांक ९२८. तुकडे ३३८. निळे पंख, राखाडी अंग, पिवळ्या पारदर्शक काचा, दोन लाल आणि दोन पांढरे अंतराळवीर. यानाचा मागचा भाग उघडला की आतून एक छोटी गाडी बाहेर काढायची आणि खड्डे-उंचवट्यांच्या राखाडी चंद्रभूमीवर फिरवायची. येन्स न्यूगोर्ड क्नुडसेन या डॅनिश माणसाने तो घडवला. लेगोची हातपाय हलवणारी छोटी माणसंही त्यांचीच.

बाबा तेव्हा लीड्सला डॉक्टर होते. १९८०च्या नाताळात हा खोका आमच्या घरी आला आणि पुढची तीन वर्षं मी आणि धाकटा भाऊ दुसऱ्या कशाने खेळल्याचं मला आठवत नाही. १९८३ला सांगलीला परतताना सामानाच्या वजनात तो बसेना, म्हणून आईने शेजारच्या मुलांना देऊन टाकला. मी विमानात बसेपर्यंत रडत होते. चार वर्षांपूर्वी सांगलीचं घर रिकामं करताना आईच्या शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डबीत, एक लाल अंतराळवीर सापडला. भावाने तेव्हा खिशातून आणला असणार. हेल्मेट नव्हतं. छातीवरचं सोनेरी चिन्ह, ग्रहाभोवती फिरणारं यान, अर्धं पुसलेलं होतं. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

तेव्हापासून मी जुने अंतराळ-संच जमवायला लागले. चार-पाच लहान संच मिळालेही, प्रामाणिक माणसांकडून. ९२८ मात्र खोक्यासकट, पुस्तिकेसकट हवा होता.

संग्राहकांच्या एका ग्रुपवर इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याने तो टाकला. "भावाचा होता, तो आता नाही, कपाटात पडून होता," असं लिहिलं होतं. मी लगेच मेसेज केला, आणि इथेच माझी मोठी चूक झाली. किंमत विचारण्याआधी मी त्याला लीड्सची सगळी गोष्ट सांगितली. आमच्या एका अंतराळवीराच्या हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी मधोमध तुटली होती आणि बाबांनी ती चिकटवून दिली होती, हेसुद्धा सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला: "बघा, माझ्या भावाचंही एक हेल्मेट तिथेच तुटलंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मी त्याला एकही नीट प्रश्न विचारला नाही.

थोडी तपासणी केली होती, अगदीच आंधळेपणाने पैसे दिले नाहीत. लेगोच्या प्रत्येक तुकड्यावरच्या गोल खुंट्यांवर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव असतं, नकली मालावर ते नसतं. जवळून काढलेला फोटो मागितला, त्यात अक्षरं स्पष्ट दिसली. माझं समाधान झालं. सगळे फोटो संध्याकाळचे, टेबललॅम्पच्या पिवळ्या उजेडातले आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पैशांचं त्याने गोड बोलून जमवलं. पैसे पाठवायच्या त्या सेवेत दोन मार्ग होते: एक खरेदीसाठी, दुसरा मित्र-नातेवाइकांसाठी. "दुसऱ्या मार्गाने पाठवलेत तर फी वाचेल, मी तुम्हाला दोन हजार कमी करतो," म्हणाला. त्या मार्गाने गेलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण मिळत नाही. हे मला माहीत होतं. तरी पाठवले.

पार्सल माझ्या मावसभावाच्या पत्त्यावर, लेस्टरला गेलं. मार्चमध्ये पैसे दिले, एप्रिलमध्ये ते पोचलं आणि मावसभाऊ गणपतीला येईपर्यंत त्याच्या माळ्यावर पडून राहिलं. त्याने तेव्हाच विचारलं होतं, "ताई, उघडून बघू का?" मी नको म्हटलं. मला स्वतः उघडायचं होतं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोथरूडच्या गॅलरीत, चांगल्या उन्हात, मी खोका उघडला. राखाडी तुकडे ताटात ओतले आणि दोन रंग दिसले. काही तुकडे किंचित मातकट, पिवळसर झाक असलेले, बरेचसे निळसर. २००४च्या सुमारास लेगोने आपला राखाडी रंग बदलला, तो निळसर केला. १९७९च्या संचात निळसर राखाडी तुकडा असूच शकत नाही. लॅम्पच्या पिवळ्या उजेडात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून फोटो संध्याकाळचे. मग एकेक उलगडत गेलं. पांढरे अंतराळवीर पांढरेशुभ्र होते. खोक्याबाहेर वापरलेलं पांढरं प्लॅस्टिक चाळीस वर्षांत थोडं तरी पिवळं पडतंच. छातीवरचं चिन्ह चकचकीत होतं आणि नखाने खरवडल्यावर कड सुटली. माझ्या बटणांच्या डबीतल्या लाल माणसाच्या छातीवर जे उरलंय, ते नखाने हलत नाही. खोका भिंगाखाली धरला तर घरच्या प्रिंटरच्या छपाईच्या रेघा, आणि ओलं बोट लावलं की निळी शाई बोटावर. पुस्तिका जुनाट दिसत होती, पण मधल्या पिना कोऱ्या, एक गंजाचा ठिपका नाही.

तुकडे लेगोचेच होते, पण बरेचसे अलीकडचे. या यानाची मोठी, १२५४ तुकड्यांची नवी आवृत्ती कंपनीने २०२२ला काढली. तिचे आणि इतर नव्या संचांचे सुटे तुकडे सहज मिळतात. त्यांतून त्याने हे जुळवलं होतं. म्हणून खुंट्यांवरची अक्षरं खरी होती. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात शेवटी हेल्मेट हातात घेतलं. त्या काळच्या हेल्मेटची पट्टी अगदी बारीक असते आणि ती तुटते तेव्हा तडा वेडावाकडा जातो, कडेला पांढरट ओरखडा राहतो. म्हणून तर नंतर कंपनीने ती जाड केली. माझ्या हातातल्या हेल्मेटची पट्टी जाड होती आणि मधोमध सरळ, गुळगुळीत कापलेली. त्याने ब्लेडने कापली होती. मी सांगितलेली आठवण ऐकून कापली होती. पैशांपेक्षा याचं दुःख मला अजून जास्त आहे.

विक्रेत्याचं खातं तोवर बंद झालं होतं. पैसे पाठवणाऱ्या सेवेने सांगितलं, या मार्गाच्या व्यवहारात आम्ही काही करू शकत नाही. मावसभावाने तिकडे तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. पैसे भारतातल्या भारतात गेले असतील तर मात्र वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यातून अडवता येण्याची शक्यता असते. मला कळायलाच पाच महिने लागले.

आता मी खोक्याचे, तुकड्यांचे फोटो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात मागते, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. राखाडी तुकडे पांढऱ्या कागदावर, एकाच फोटोत. हेल्मेटची पट्टी बाजूने. जो विक्रेता खरा आहे तो कुरकुरत का होईना, देतो. पार्सल ज्याच्या घरी जाईल त्याला त्याच दिवशी उघडायला सांगते, व्हिडिओ चालू ठेवून. आणि व्यवहार पूर्ण होईपर्यंत माझ्या लहानपणाबद्दल एक शब्द बोलत नाही.

ग्रुपवर हे लिहिल्यावर आणखी दोघांचे मेसेज आले. त्यांनीही याच फोटोंवर पैसे दिले होते. त्यांतल्या एकाला विक्रेत्याने वडिलांची आठवण सांगितली होती, कारण त्या माणसाने आधी स्वतःच्या वडिलांबद्दल लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात तेच फोटो पुन्हा दिसले, विक्रेत्याचं नाव वेगळं. खोका गडद हिरव्या गालिच्यावर ठेवलाय, डाव्या कोपऱ्यात पितळी लॅम्पचा पाय दिसतो आणि गालिच्याच्या काठाला जळाल्याचा एक गोल डाग आहे. हा फोटो कुणी पाठवला तर पैसे देऊ नका आणि मला कळवा.