मतदारसंघ की अख्खं राज्य? प्रायमरीत वेळ कुठे द्यावा

मिशिगनमधल्या भाच्याचा प्रश्न : डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) प्रोग्रेसिव्ह, म्हणजे डावीकडे झुकलेल्या उमेदवारासाठी राबायचंय, पण काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) जागेसाठी की राज्यपातळीवर, म्हणजे गव्हर्नरसारख्या पदासाठी? दोन्हीकडची भाषणं सारखीच जोरदार, ती बाजूला ठेवू.

आधी आकडे. न्यूयॉर्कमध्ये जून 2018 ला अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी तेव्हाचे खासदार जो क्राउली यांना हरवलं ते जेमतेम 17 हजार मतं मिळवून. त्याच वर्षी गव्हर्नरपदासाठी सिंथिया निक्सन यांना पाच लाखांवर मतं पडली, तरी तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंनी त्यांना सहज पाडलं. काँग्रेसच्या मतदारसंघात साधारण साडेसात लाख वस्ती; प्रायमरीला त्यातले थोडेच येतात. म्हणून दारोदार फिरणं तिथे फळतं.

राज्यभर मात्र टीव्हीशिवाय गत नाही. आपले बेळगावचे श्री ठाणेदार बघा. 2018 ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी त्यांनी स्वतःचा पैसा पाण्यासारखा ओतला आणि तिसरे आले. प्रोग्रेसिव्हांचे लाडके अब्दुल अल-सायद दुसरे, ग्रेचेन व्हिटमर पहिल्या. 2022 ला डेट्रॉईटच्या 13व्या मतदारसंघात उमेदवारांची गर्दी, मतं फुटली, आणि ठाणेदार तीस टक्क्यांहूनही कमी मतांवर जिंकले. अशा गर्दीत विचारधारेपेक्षा कोण कोणाची मतं खातो हेच ठरवतं, हे मला फारसं आवडत नाही.

अधिकार? 435 जणांतला एक खासदार एकटा काय करणार. गव्हर्नरकडे नकाराधिकार असतो.

एच-1बी या कामाच्या व्हिसावर असशील तर दोन्हीकडे देणगीला मनाई, विनामोबदला काम चालतं.

शनिवार-रविवारच मोकळे असतील, तर मतदारसंघ धर. हरलो तरी राज्यभर समर्थकांची यादी आणि ओळखी उभ्या राहाव्यात असं वाटत असेल, तर राज्य.