कमी पैशांतलं भय: जंगल की बेडरूम?

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (1999) आणि 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' (2007), दोन्ही पात्रांच्याच कॅमेऱ्यातून दिसणारे भयपट. मला पहिला जास्त भिडला. त्यातला कॅमेरा इतका हलतो की डोकं गरगरतं, जंगलात वाट चुकलेल्या तिघांची भांडणंही लांबतात. पण नकाशा आपणच लाथेनं ओढ्यात उडवल्याचं त्यांच्यातला माइक सांगतो तेव्हा पोटात गोळा येतो. भूत न दाखवताच!

दुसरा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये झाला. रात्री स्टँडवरचा स्थिर कॅमेरा, आपोआप हलणारं बेडरूमचं दार. अंगावर काटा येतोच. दिवसा मात्र सगळं ढेपाळतं. घरात राहणारी केटी जीव मुठीत धरून बसलीय आणि तिचा जोडीदार मायकाला चित्रीकरणाची हौस! तिथेच माझा विश्वास उडाला.