ब्रॅकीथेरपीत फायबर डोसमापक: आठ महिन्यांनंतर

कोल्हापुरात मी ज्या विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका बऱ्याच येतात. ब्रॅकीथेरपीत, म्हणजे शरीराच्या आतूनच किरण देण्याच्या उपचारात, इरिडियम-१९२चा किरणोत्सारी सोर्स अ‍ॅप्लिकेटरमधून (पोकळ नळीतून) आत जातो, तेव्हा लगतच्या गुदाशयाला किती डोस बसतोय हे पूर्वी फक्त प्लॅन, म्हणजे उपचाराआधी कॉम्प्युटरवर केलेला हिशोब, सांगायचा. टीएलडी (डोस साठवून ठेवणारा, नंतर यंत्रात वाचायचा छोटा मापक) लावली तरी आकडा हाती येईपर्यंत उपचार संपलेला. आता एथिक्स कमिटीच्या परवानगीने आठ महिने प्लॅस्टिक सिंटिलेटरचा फायबर वापरतोय. जाडी १ मिलिमीटर. किरण पडले की टोकाचा सिंटिलेटर उजळतो, तो प्रकाश फायबरमधून बाहेर येतो आणि सोर्स एकेका जागी थांबेल तसा डोस पडद्यावर चढताना दिसतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

"ह्यात करंट असतोय काय?" कागलकडच्या एका मावशींनी विचारलं. नाही मावशी, नुसता उजेड. आयन चेंबरला, म्हणजे हवेत तयार होणारा विद्युतभार मोजून डोस सांगणाऱ्या नेहमीच्या मापकाला, तीनेकशे व्होल्ट द्यावे लागतात, ते शरीरात घालता येत नाही. शिवाय आपलं शहर साडेपाचशे मीटर उंचीवर, हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. चेंबरच्या आकड्यात रोज सहा-सात टक्के दुरुस्ती करावी लागते. फायबरला ती लागत नाही.

तापमानाची लागते. सुरुवातीला आमचे आकडे प्लॅनपेक्षा सातेक टक्के कमीच यायचे. आमचा हिरवा सिंटिलेटर दर अंशाला साधारण अर्धा टक्का मंदावतो, आणि कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या डोसशी आकडा जुळवणं) आम्ही २२ अंशांच्या पाण्यात केलं होतं. शरीर ३७ अंशांचं! आता पाणी कोमट करूनच कॅलिब्रेशन करतो.

चेरेनकोव्ह प्रकाशाने जास्त छळलं. किरणांच्या वाटेत आलेला फायबर स्वतःच चमकतो. सोर्स टोकापासून लांब पण फायबरला लागून असला, की हा परका उजेड डोसमध्ये मिसळतो. निळा आणि हिरवा भाग वेगळा मोजून तो वजा करतात. यंत्र बसवायला आलेला माणूस "सॉफ्टवेअर करतं सगळं" म्हणून गेला. तसं नाही. त्या दोन रंगांचं गुणोत्तर तुम्हालाच, तुमच्या सोर्सवर, ठरवावं लागतं.

आणि जागा. सोर्सपासून २ सेंटीमीटरवर टोक १ मिलिमीटर आणखी लांब सरकलं तरी आकडा नऊ-दहा टक्क्यांनी उतरतो. म्हणून प्लॅनशी फरक दिसला की मी आधी फायबर हललाय का ते बघतो, मगच प्लॅनवर शंका घेतो. सीटीत टोक नीट ओळखू येत नाही, ही माझी मोठी तक्रार. तिथे क्ष-किरणांत उठून दिसणारी खूण हवी. तसं कंपनीला दोनदा लिहिलंय, उत्तर अजून आलेलं नाही.